कापूस, खाज आणि शमीमबीची मांजर

“दाबा, अजून दाबा! पाय उचलून दाबा,” मी अंगणात उभी राहून ओरडत होते. टेम्पोत चढलेली दोन माणसं कंबरेएवढ्या कापसात नाचत होती. कापूस असाच भरतात. चादरीत बांधून आणायचा, टेम्पोत ओतायचा आणि पायानं तुडवायचा. तुडवला नाही तर अर्धा घरीच राहतो. खोली रिकामी होत आली होती आणि माझा जीव हलका होत होता. तेवढ्यात माझी नात आरू येऊन माझ्या लुगड्याला धरून उभी राहिली. सहा वर्षांची पोरगी, एरवी तोंड बंद ठेवत नाही. त्या वेळी ओठ दातात धरले होते.

“आजी, पिल्लं कापसात होती.”

“कोनाची पिल्लं?”

“नूरीची. आमी ठेवलती. खिडकीखाली.”

मी खोलीत जाऊन पाहिलं. खिडकीखालची फरशी चाटून पुसल्यासारखी मोकळी होती. तिथला कापूस सगळ्यात आधी निघाला होता. म्हणजे तो टेम्पोत सगळ्यात खाली होता, आणि त्याच्यावर दोन गडी तासभर नाचले होते. माझ्याच सांगण्यावरून.

स्वयंपाकघराच्या बंद दाराआड नूरी सकाळपासून केकाटत होती. माणसांच्या पायात येते म्हणून मीच तिला मानेला धरून आत कोंडलं होतं. सुनेनं दोनदा विचारलं, “आई, ते काहून ओरडून राह्यली?” मी दोन्ही वेळा म्हटलं, “ओरडू दे.”

आणि नूरी आमची नव्हती. ती दुसऱ्याची ठेव होती.

यंदाही कापूस घरात आला आहे. मधल्या खोलीत अजून छातीएवढाच आहे, पण दिवाळी झाली की आढ्याला लागेल. दार उघडलं की सरकीचा तो कोमट, जरा उग्र वास अंगावर येतो. बाहेरच्या माणसाला तो आवडत नाही. मला त्या वासानं भूक लागते, कारण लहानपणी कापूस घरात आला की पुरणाची पोळी होत असे. कापसाच्या खोलीत आवाज मरतो. तिथे उभं राहून हाक मारली तर हाक दोन हात जाऊन बसते. खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी पडते आणि त्यात तंतू उडत राहतात, वर जात नाहीत, खाली पडत नाहीत. थंडीत हात घातला तर आत ऊब असते. कोंबडीच्या पोटाखाली असते तशी. त्या मांजरीला ते कळलं, पोरांनाही कळलं. मला साठ वर्षं माहीत होतं, पण मी तिथे फक्त कापूस बघत होते.

आमचं घर दिग्रसच्या कडेला आहे. घराच्या पुढे रस्ता, मागे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, गंजी, आणि डाव्या हाताला शमीमबीची भिंत. आमच्या दोघींची भिंत एकच. ती आणि मी एकाच वर्षी या गल्लीत नवऱ्याच्या घरी आलो. तिचा मुलगा बसस्टँडकडे गाड्या दुरुस्त करतो, माझा गजू शेती करतो. भिंतीवरून आम्ही चाळीस वर्षं वाट्या दिल्या-घेतल्या. भांडलोही भरपूर. एकदा माझ्या कोंबड्यांवरून तीन महिने बोललो नव्हतो. वाट्या मात्र चालूच होत्या. वाटी ठेवायची, भिंतीवर ठोकायचं आणि तोंड फिरवून निघून जायचं.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास ती भिंतीशी आली. हातात वाटी नव्हती, मांजर होती. पांढरी, कानापाशी पिवळा डाग, चेहऱ्यावर गावाची मालकीण असल्याचा भाव.

“सुमन, मेरे दिल का ऑपरेशन है नागपूर में,” ती म्हणाली. “सब जा रहे हैं. घर बंद. इसको रख ले.”

“मले मांजर नको. घरात लहान पोट्टे हायेत.”

“बच्चों के साथ अच्छी रहती. काटती नहीं.”

“तू बी काटत नाई, असंच म्हणत होते सारे.”

ती हसली आणि मग छातीवर हात ठेवून थांबली. हसल्यावरही तिला दम लागत होता. “अमानत समझ के रख. मैं आई तो वापस दे. नहीं आई तो तेरी.”

“मले नको म्हटलं ना. तू ये अन् घेऊन जा.”

मी मांजर घेतली. हातात घेताच मला कळलं. पोट कडक होतं. मी जन्मभर गाई-बकऱ्यांच्या पोटावर हात फिरवले आहेत.

“शमीम, हे गाभण हाय.”

“हां,” ती म्हणाली. “इसीलिए तो तुझे दे रही. पिल्ले देखने के वास्ते भी आऊंगी मैं.” बाई पहिल्यापासून नाटकी आहे.

माझा समज असा की जनावराला घर द्यायचं असेल तर आधी नियम सांगावे. मी सांगितले. चुलीजवळ यायचं नाही. ताटात तोंड घालायचं नाही. माझ्या अंथरुणावर चढायचं नाही. नूरीनं ऐकून घेतलं आणि जाऊन दुधाच्या पातेल्याजवळ बसली.

पोरांना मात्र सण झाला. आरूचा भाऊ विहान तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. विहान हे नाव माझ्या तोंडात बसत नाही, मी त्याला बंड्या म्हणते. बंड्या पाट मांडून मांजरीला जेवायला बसवायचा. स्वतःच्या भाकरीचा एक घास स्वतः खायचा, एक तिला. शेवटी कोण कोणाचं उष्टं खातंय ते कळायचं नाही. सोनाली, माझी सून, डोक्याला हात लावायची. एक दिवस बंड्यानं शेपटी ओढली आणि नूरीनं त्याच्या हातावर तीन रेघा ओढल्या.

“आई, लेकराले ओरबाडलं पाहा तिनं!”

“लेकरानं शेपूट ओढली. मी बी ओरबाडलं असतं.”

मी हळद लावली. बंड्यानं त्यानंतर शेपटीला हात लावला नाही. जे मी वर्षभर सांगून शिकवू शकले नाही ते मांजरीनं एका फटक्यात शिकवलं. तो तिच्याशी हळू बोलायला लागला. झोपली असली की दाराशी उभा राहून आल्या-गेल्याला तोंडावर बोट ठेवून दाखवायचा. गजू शेतातून येऊन स्वतःच्याच घरात चोरासारखा चालायचा.

कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. त्यासाठी मी आदल्या दिवशी गाडग्यात दही लावलं होतं. सकाळी पाहते तर झाकण बाजूला आणि गाडग्यात पांढऱ्या मिशांचं तोंड. सोनाली शेतात डबे न्यायच्या गडबडीत होती, तिनं पाहिलं नाही. मी वरचा थर काढून टाकला, उरलेलं भातात कालवलं आणि नेलं. त्या साली कापूस चांगला झाला. मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. आज लिहून टाकते.

शमीमबीचा फोन दर दोन-तीन दिवसांनी यायचा. तोंड दिसणारा फोन. तिला तिकडे साखर कमी होईपर्यंत थांबवून ठेवलं होतं, ऑपरेशन पुढे पुढे जात होतं. दर वेळी पहिला प्रश्न मांजरीचा. एकदा आरूनं फोन नूरीच्या तोंडासमोर धरला. तिच्या कपाळावर सोनालीची लाल टिकली होती.

“अगे सुमन! मेरी बिल्ली को टिकली काहून लगाई?”

“मी नाई लावली. तुह्या मांजरीनं आमच्या घरी पूजेचं दही बी खाल्लं. आता ते अर्धी आमची झाली.”

“पिल्ले हुए?”

“नाई अजून.”

“जल्दी कर बोल उसको. मैं इधर पड़ी पड़ी दिन गिन रही.”

फोन ठेवल्यावर तिचा मुलगा मला परत फोन करायचा आणि सांगायचा, काकू, अम्मी दिवसभरात एवढंच बोलते. ऑपरेशनचं नाव काढलं की तोंड फिरवते, पिल्लांचं काढलं की जेवते.

मग खाज सुटली.

आधी बंड्याला. पोटावर, काखेत, मानेवर लाल लाल पुरळ. मग आरूला, मग सोनालीला, मग मला. सगळं घर खाजवत बसलेलं. गजू जेवताना एका हातानं घास घ्यायचा आणि दुसऱ्यानं पाठ खाजवायचा. घरात नवीन काय आलं होतं? मांजर. झालं. मी स्वतःच ठरवलं की हे मांजरीच्या केसांनी झालं, आणि घरात सगळ्यात मोठ्यानं तसं म्हणणारी मीच होते. पोरांना कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली. मांजरीलाही घातली. ती आंघोळ ज्यानं पाहिली तो जन्मात विसरणार नाही. सोनालीच्या हातून निसटून ओली मांजर घरभर, तिच्यामागे दोन पोरं, पोरांमागे मी तांब्या घेऊन. शेवटी कडुलिंबाचं पाणी मांजरीपेक्षा माझ्याच अंगावर जास्त पडलं. खाज काही गेली नाही.

मी नूरीला घराबाहेर काढलं. मागे पऱ्हाटीच्या गंजीजवळ पोतं टाकलं, दूध तिथेच ठेवायला लागले. पोरं रडली. बंड्या जेवला नाही. मी म्हटलं, रडा. खाजवत रडण्यापेक्षा नुसतं रडणं बरं.

पंधरा दिवस मांजर बाहेर होती आणि आम्ही आत खाजवतच होतो. सोनाली पोरांना घेऊन डॉक्टरकडे गेली. मीही गेले, मांजरीविरुद्ध साक्ष द्यायला. दवाखान्यात बाकड्यावर बसलेली सगळीच माणसं खाजवत होती. डॉक्टरनं बंड्याचं पोट पाहिलं आणि मलाच विचारलं, “आजी, घरात कापूस भरून ठेवला काय?”

“ठेवला ना. कोन नाई ठेवत?”

“कवापासून?”

“वेचल्यापासून. भाव चढन म्हणून पोरानं धरून ठेवला.”

“मग तेच. जास्त दिवस कापूस घरात राह्यला का त्यात बारीक किडे होते. ते चावते. मांजरीचं काय नाव घेऊन राह्यल्या?”

परत येताना सोनालीनं भाजीच्या भावाचा विषय काढला. ती समजूतदार आहे. माझ्या डोक्यात वाटभर एकच गोष्ट होती. घरात काही हरवलं की आपण आधी पाहुण्याची पिशवी बघतो. घरची चीज आपल्याला चावेल हे मनातच येत नाही. त्या कापसावर मी जन्म काढला, त्याला कशी चोर म्हणू? आणि मांजर काय, कालची आलेली.

घरी आल्यावर मी मागे गेले आणि नूरीला म्हटलं, चल आत. ती पोत्यावरून उठली नाही. मी सायीचं दूध नेलं. तिनं दूध प्यायलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. शमीमबीचीच मांजर.

आता मी दुसरा नियम केला. कापूस विकला जाईपर्यंत पोरांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. “पाय ठेवला त तंगडं मोडीन,” असं मी दोघांना समोर उभं करून सांगितलं. गजूनं टेम्पो ठरवला. आठ-दहा दिवस लागणार होते.

त्या आठ-दहा दिवसांची गोष्ट मला मागाहून कळली. नूरी गंजीत व्यायली होती. तीन पिल्लं. आरूनं ती पाहिली आणि गल्लीतलं लंगडं कुत्रं गंजीभोवती हुंगत फिरतं हेही पाहिलं. मला सांगावं तर मी मांजरीला घराबाहेर काढलेली. म्हणून दोघांनी मिळून पिल्लं बंड्याच्या कानटोपीत घातली आणि घरातल्या सगळ्यात मऊ, सगळ्यात उबदार जागी नेऊन ठेवली. बादली उलटी करून, तिच्यावर चढून कडी काढायची, आत ठेवायचं, पुन्हा कडी लावायची. नूरी खिडकीच्या तुटलेल्या गजातून ये-जा करायची. तंगडं मोडायची भीती होती म्हणून दोघं तोंड शिवून बसली. साडेतीन वर्षांचं पोरगं आठ दिवस गप्प बसलं! मोठ्या माणसांच्या पोटात एवढं राहत नाही.

नूरीचं पोट उतरलेलं मी पाहिलं होतं. पण मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असतील कोणाच्या घरी, असं म्हणून मी सोडून दिलं. शमीमबीचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. तिच्या मुलानं फोन तिच्या कानाला लावला, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. “पिल्ले?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “झाले. तू ये, मंग दाखवतो.” न पाहिलेली वस्तू मी तिला कबूल करून बसले. त्या दिवसांत दूधही कमी पडू लागलं होतं. पोरं ते चोरून नूरीला पाजत होती, आणि मी दूधवाल्याला धरून झापलं. बिचाऱ्यानं पुढचे चार दिवस माप वाढवून दिलं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तर टेम्पो.

“उतरा खाली,” मी त्या दोघांना म्हटलं. “पाय दाबू नका. सरकत उतरा.”

टेम्पोवाला विडी पेटवत होता. “काय झालं, आजी?”

“पिल्लं हायेत खाली. मांजरीची. गाडी खाली करा लागते.”

“मांजरीच्या पिल्लासाठी भरली गाडी खाली करता? पागल झाल्या काय?”

“हाव, झाली. ते विडी इझव आधी, कापूस हाय.”

“जिनिंगात माहा नंबर लागून हाय!”

“नंबर उद्या बी लागन. पिल्लू उद्या नाई जगन.”

गजू पुढे आला. चांगला पोरगा आहे, पण बापासारखा हिशेबी. “आई, मांजर तं दरसाल पिल्लं देते.”

“देते ना. पन हे शमीमचे हायेत. तिकडं तिची छाती उघडून शिवली डाक्टरनं, अन् ते पिल्लं पाहाले येऊन राह्यली. तिले काय सांगू, म्या उभी राहून तुडवाले लावले म्हणून?”

गजूनं टेम्पोचा मागचा फाळका सोडला.

मी आधी स्वयंपाकघराचं दार उघडलं. मला वाटलं, नूरी टेम्पोकडे धावेल. ती गेली आतल्या खोलीत, सरळ माझ्या बिछान्यावर. मी मागोमाग गेले. माझ्या घडी घातलेल्या गोधड्यांच्या मध्ये एक पिल्लू होतं. तोंडाचं गुलाबी भोक उघडून ओरडत होतं. सकाळी माणसांचा गलका सुरू होताच तिनं पिल्लं हलवायला घेतली होती. पहिलं आणून ठेवलं, दुसऱ्यासाठी परत निघाली, आणि तेवढ्यात मी तिला मानेला धरून कोंडलं. सात घरांतलं पुढचं घर तिनं माझी गोधडी निवडली होती. मी कधी चढू दिलं नाही तिथेच. गोधडी सगळी घाण करून ठेवली होती.

नूरी तिथून कापसाच्या खोलीत गेली. खिडकीखाली उभी राहिली. फरशी हुंगली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मांजर माणसाकडे बघते तेव्हा तिच्या मनात काय असतं ते मला माहीत नाही. माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे.

तुडवणाऱ्यांतला एक मारोती. उंच, वाळका, वर्षानुवर्षं हेच काम करणारा. तो फाळक्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काकू, कोपऱ्यात पाय पुरत नाई. केबिनीच्या बाजूनं, कोपऱ्यात, कापूस पोकळ राह्यते. पह्यली चादर म्या तिथंच रिकामी केलती.”

“मंग पाहून काय राह्यला?”

कापूस काढणं आणि कापूस भरणं यात फरक आहे. भरताना जोर लागतो, काढताना धीर. फावडं नाही, आकडी नाही, नुसते हात. तुडवलेला कापूस गादीसारखा बसतो, थर थर उचलावा लागतो. मी टेम्पोत चढले. चढवलं मला दोघांनी धरून, पण चढले. गल्लीतल्या बाया आल्या. कोणी विचारलं, कोणी न विचारता पदर खोचला. वरून आम्ही कवेत येतील तेवढ्या कवळ्या खाली टाकायच्या, खाली त्या पांगवून बघायच्या, एकेक कवळी उघडून, जणू गव्हातले खडे निवडतात. अंगणात बघता बघता पांढरा डोंगर झाला. कोंबड्या त्यात शिरल्या. एका बाईच्या डोक्यावर कापसाचं टोपरं बसलं आणि दुसरी म्हणाली, “म्हातारी दिसून राह्यली वं!” पहिली म्हणाली, “तू आरशात कवा पाह्यलं?” हसत होत्या, खाजवत होत्या, हात थांबत नव्हते. टेम्पोवाला थोडा वेळ तोंड फुगवून बसला आणि मग तोही चढला.

पोरांना मी त्या दिवशी कापसात जाऊ दिलं. दोघं रांगत रांगत प्रत्येक ढिगात तोंड घालून “पिल्लू, पिल्लू” करत होती. मी वरून बघत होते आणि मनात म्हणत होते, सापडायचंच असेल तर पोरांच्या हाती नको. माझ्या हाती सापडू दे.

कोपरा लागला. मारोतीनं हात घातला, खांद्यापर्यंत. थांबला. मग हसला.

पहिलं पिल्लू निघालं ते शिव्या देतच निघालं. अंगभर तंतू चिकटलेले, जणू कापसाचंच बोंड फुटून आवाज आला. आरूनं दोन्ही हात पसरले, मी तिच्या ओंजळीत ठेवलं.

दुसरं त्याच्याखाली होतं. ते ओरडलं नाही. माझ्या तळहातावर ते ओल्या चिंधीसारखं पसरलं. नाकात, तोंडात कापूस गेला होता.

“गेलं, आजी,” टेम्पोवाला म्हणाला. वाईट नव्हता तो, त्याच्याही आवाजात दुःख होतं.

मी बोटानं त्याच्या तोंडातला तंतू ओढून काढला. डोकं खाली धरलं आणि पदरानं पाठ चोळत राहिले. बकरीचं करडू जन्मतः थंड पडलं की असंच करतात. दहातली चार उठतात, सहा उठत नाहीत. मी काही प्रार्थना वगैरे केली नाही. मला फक्त हात थांबवायचे नव्हते. हात थांबले की मग शमीमबीला फोन करावा लागला असता. नूरी चाकाजवळ बसून वर बघत होती.

पिल्लू शिंकलं.

एवढंसं अंग, पण शिंक मोठी. बंड्या टाळ्या पिटत ओरडला, “आजी, त्याले सर्दी झाली! त्याले सर्दी झाली!” आणि सगळी गल्ली एकदम हसली. बायांनी डोळे पुसले. कापूस गेला असेल डोळ्यांत.

ते पिल्लू मी खाली नूरीपुढे ठेवलं. तिनं त्याला उलटं केलं आणि चाटायला घेतलं. माझ्यावर तिचा भरवसा नसावा. सगळं काम पहिल्यापासून परत केलं.

संध्याकाळी आरू माझ्याजवळ येऊन बसली. चुलीवर ओल्या तुरीच्या शेंगा उकडत होत्या. परातीत काढलेली एक शेंग सोलत ती म्हणाली, “आजी, आता तंगडं मोडशीन?”

“कोनाचं?”

“माह्य. अन् बंड्याचं.”

“मोडाचं त माह्यंच मोडा लागन,” मी म्हटलं. “तुम्ही सांगतलं नाई, कारन म्या सांगाले जागा नाई ठेवली. आता शेंगा खा.”

तिनं खाल्ल्या. पोरं माफ करतात ते असं, तोंडात शेंग घालून.

टेम्पो दुसऱ्या दिवशी भरला. मारोतीनं पाय टाकायच्या आधी मला विचारलं, “काकू, दाबू?” मी म्हटलं, “दाब. पन ओरडनार नाई मी.”

महिन्याभरानं शमीमबी आली. अर्धी झाली होती. मुलानं तिला आधार देऊन आमच्या अंगणात खुर्चीवर बसवलं. ती स्वतःच्या घरी आधी गेली नाही. आरूनं तिच्या मांडीवर एकेक करून तीन पिल्लं ठेवली आणि नूरी आपणहून वर चढली. शमीमबीला एवढं ओझं उचलायची मनाई होती, पण ते तिनं उचललं नव्हतं, ते येऊन बसलं होतं.

“एक दी थी,” ती म्हणाली, “चार दे रही तू.”

“घेऊन जाय सगळ्या. माह्या गोधडीचं वाटोळं केलं.”

मग मी तिला सगळं सांगितलं. दही, टिकली, खाज, कडुलिंब, गंजी, टेम्पो. माझा आवाज कुठे मोठा होता आणि कुठे चुकीचा होता तेही सांगितलं. ती ऐकत होती. शिंकेपर्यंत आले तेव्हा ती हसायला लागली आणि छातीवर हात ठेवून थांबली. पण दम लागला म्हणून नाही. टाके दुखत होते म्हणून.

शिंकलेलं पिल्लू तिनं पोरांना देऊन टाकलं. त्याचं नाव बंड्यानं टेम्पो ठेवलं. आता तो चांगला भरलेला बोका आहे. हे मी लिहिते आहे तेव्हा मधल्या खोलीत, खिडकीखालच्या कापसावर चारी पाय वर करून पडला आहे. त्याला खाज येत नाही.

आमच्या घरी आता एक नवीन रीत आहे. टेम्पो आला की आधी आरू आणि बंड्या खोलीत जातात. खिडकीखालून सुरुवात करून सगळा कापूस हातानं चाचपतात. माणसं बाहेर थांबतात, चहा पितात, कोणी घाई करत नाही. दोघं बाहेर येऊन “हाव” म्हणाली की मग पहिली चादर भरते. गेल्या साली रस्त्यापलीकडच्या घरीही त्यांना बोलावलं होतं. त्यांच्याकडे मांजर नाही, तरी बोलावलं. खाज सुटते, पण पोरं आता तिला भीत नाहीत. आंघोळ करतात आणि खोबरेल लावतात. कापूस मात्र मी गजूला दिवाळीनंतर पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू देत नाही.

भिंतीवर आत्ताच कोणी ठोकलं. वाटी आली असेल.

तेव्हाची सगळी जगली. नूरी जगली, तिन्ही पिल्लं जगली, आणि शमीमबी जगली.